सव्वा मूठ

श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. त्याआधी घरात धान्य मोजलं जातं. माप पायलीचं नसतं, किलोचंही नसतं. अनेक घरांत अजून मुठीचं माप चालतं: घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू. कुणी पुण्याला कंपनीत असो, कुणी सुरतेला कापडाच्या कारखान्यात असो, त्याच्या नावाची मूठ पडतेच. गहू निवडून सोवळ्यानं दळायचे. पूर्वी हे जात्यावर व्हायचं, आता गिरणीवाला चक्की धुऊनपुसून कानबाईच्या दळणासाठी वेगळी वेळ राखतो. त्या पिठाचे रोट होतात. जोडीला पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी. नारळाला नाकडोळे आणि नथ चढवून कानबाई चौरंगावर बसते, रात्रभर अहिराणी गाणी आणि फुगड्या रंगतात, आणि सोमवारी सकाळी बायका तिला डोक्यावर घेऊन नदीवर पोचवायला निघतात. रोट मात्र भाऊबंदांनीच खायचे. उष्टं पायदळी येऊ द्यायचं नाही, आणि उरलंसुरलं घरच्यांनीच संपवायचं.

मुठी मोजल्या जातात त्या पुरुषांच्या. दळणारी, मळणारी, भाजणारी, सोवळं सांभाळणारी बाई त्या हिशेबात कुठेच नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे कृतज्ञतेबद्दल बरंच बोलायचं आहे, आणि हिशेबात कुणाची मूठ धरली नि कुणाची वगळली हा प्रश्न सारखा आडवा येणार आहे.

भरल्या कणगीतून धान्य काढताना कुणी मूठ मोजत नाही. पायली भरायची, ओतायची, पुन्हा भरायची. मूठ मोजायची वेळ येते ती कणगीचा तळ दिसायला लागल्यावर. सव्वा हा शुभाचा आकडा आहे आणि तो मराठी मुलुखात सगळीकडे चालतो. माझं लक्ष सव्वाकडे नाही, मुठीकडे आहे. कानबाईच्या कथेत दुष्काळ येत नाही, त्यामुळे हा तर्क माझाच आहे आणि कुणाला तो पटला नाही तरी माझी तक्रार नाही. पण सुबत्तेच्या दिवशी, गोडधोडाच्या स्वयंपाकाआधी, जो समाज टंचाईच्या मापानं धान्य काढतो, त्याच्या देवधर्मात कुठेतरी उपाशी दिवसांची आठवण मुरलेली असली पाहिजे, असं मला वाटत आलं आहे.

हातातलं पुस्तक त्या आठवणीबद्दल आहे. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतल्या लोकांनी आपले वाईट दिवस कसे लक्षात ठेवले, आणि त्या आठवणीतून देवाचं देणं कसं ठरवलं, याचा शोध यातले लेख घेतात. सगळे लेख एका सुरात बोलत नाहीत. काहींना नवससायास म्हणजे श्रद्धेचं सोनं वाटतं, काहींना ती भीतीची वसुली वाटते. ही भांडणं संपादकांनी मिटवली नाहीत, हे चांगलं केलं.

आधी या मुलुखाबद्दल थोडं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेला वाहणारी तापी. जमीन काळी, कपाशीला मानवणारी. पाऊस बेभरवशाचा, धुळे, शिंदखेडा, साक्रीकडे तर आणखीच. तापीचं पात्र इतकं खोल आणि दरडी इतक्या उंच की एवढी मोठी नदी काठच्या शेताला पाणी देत नसे. लोकांनी आपली बागायत केली ती गिरणा, पांझरा अशा लहान नद्यांवर. वर हा मुलूख म्हणजे सुरत, बऱ्हाणपूर, माळवा आणि दख्खन यांच्यामधली वाट. जे लष्कर निघालं ते इथून गेलं. १८०२-०३ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडवला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. १८१८ मध्ये इंग्रजांनी ताबा घेतला तेव्हा ओसाड गावठाणं आणि शेतांत माजलेलं रान त्यांच्या वाट्याला आलं. १८९९ चा दुष्काळ विक्रम संवत १९५६ चा, म्हणून तो छप्पनचा दुष्काळ. गुरं मेली, माणसं मेली, आणि १८९१ नंतरच्या दहा वर्षांत या जिल्ह्याची लोकसंख्या वाढलीच नाही. चौदा-साडेचौदा लाखांवरच अडून राहिली. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे १९०६ मध्ये झाले.

पण ज्या दुष्काळाशी मराठी धर्मविचाराचं सर्वांत जवळचं नातं आहे, तो १६३० चा. त्या वर्षी पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी सुरतेहून आग्र्याला जाताना नंदुरबारवरून बऱ्हाणपूरकडे, म्हणजे खानदेशाची लांबी कापत गेला. वाटेवर पडलेली प्रेतं, ओस गावं आणि अन्नासाठी कासावीस झालेली माणसं त्यानं नोंदवून ठेवली आहेत. बऱ्हाणपुरात शाहजहानचा तळ होता. बादशहानं तिथे लंगरखाने उघडले. पुढच्याच वर्षी मुमताज महल त्याच शहरात वारली. ताजमहालाच्या गोष्टीत बऱ्हाणपूर येतं, बऱ्हाणपूरच्या वाटेवरचे भुकेले येत नाहीत. इतिहासाची मूठ ही अशी.

त्याच दुष्काळात देहूला तुकोबांचं घर बुडालं. दिवाळं निघालं, गुरं गेली, थोरली बायको अन्नावाचून गेली. हे सारं त्यांनी स्वतःच्या अभंगांत सांगितलं आहे. विलक्षण गोष्ट पुढे आहे. या साऱ्या विपत्तीबद्दल ते देवाला दोष देत नाहीत. बरं झालं, असं म्हणतात. दिवाळं निघालं ते बरं, दुष्काळानं पीडलं ते बरं, कारण त्यामुळे तुझी आठवण धरली. हे वाचताना आजच्या माणसाला थोडं अवघडायला होतं. भुकेनं मेलेल्या बायकोच्या बाजूनं पाहिलं तर हे 'बरं' कसं सोसायचं? मलाही ते जड जातं. पण तुकोबांनी नुसतं म्हटलं नाही, केलंही. परंपरा सांगते की सावकारीचे कागद त्यांनी इंद्रायणीत सोडले. धाकट्या भावाचा वाटा त्याचा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची येणी बुडवली. म्हणजे ज्याला दुष्काळानं झोडपलं, त्यानं त्याच दुष्काळानं झोडपलेल्या दुसऱ्यांची देणी माफ केली. कृतज्ञता देवाची, पण फेड कुळांना. विपत्तीला 'बरं' म्हणायचा अधिकार या कागद बुडवण्यातून येतो, असं मी मानतो. ज्यानं काही बुडवलं नाही त्यानं दुसऱ्याच्या दुष्काळाला बरं म्हणू नये.

हाच धागा फार दूरच्या एका ग्रंथात अगदी कायद्याच्या भाषेत सापडतो. बायबलच्या जुन्या करारात 'अनुवाद' नावाचं पुस्तक आहे. त्यात शेतकऱ्याला सांगितलं आहे की पहिलं पीक टोपलीत घालून देवापुढे ने, आणि ते ठेवताना आपल्या पूर्वजांचे हाल तोंडानं सांग. आम्ही भटके होतो, मिसरात गुलाम होतो, आमचा आक्रोश देवानं ऐकला. नुसतं पीक वाहून भागत नाही. गोष्ट सांगावी लागते. आणि ते अन्न मग एकट्यानं खायचं नाही, उपऱ्यालाही त्यात सामील करायचं. सातव्या दिवशी दासदासींना विश्रांती दे, का, तर तू स्वतः गुलाम होतास. मुदत भरल्यावर दासाला मोकळं करताना रिकाम्या हातानं पाठवू नको, का, तर तू गुलाम होतास. आणि पोट भरलं, घरं बांधली, गुरं वाढली की विसरशील, हा इशाराही तिथेच आहे. कोकणातल्या बेने इस्रायलींनी ही आठवण मराठीतून जपली. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू-मराठीत छापली गेली होती. गुलामीची कहाणी पोरांना मराठीत समजावून सांगणारी घरं महाराष्ट्रात होती, हे आपल्या वाचकांना फारसं माहीत नसतं.

हे सगळं डोक्यात ठेवून खानदेशातल्या नवसाकडे पाहिलं की काही गोष्टी नीट दिसतात. नवस हा करार आहे, हे मान्य करायला लाजायचं कारण नाही. पोर वाचू दे, खण-नारळ घेऊन येते. विहिरीला पाणी लागू दे, पाच वर्षं पायी येतो. देणंघेणं ठरलं, पार पडलं, संपलं. पण धुळ्यात पांझरेकाठच्या एकवीरेला, यावलकडच्या मनुदेवीला, चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जाणाऱ्या कुटुंबांत अशी कितीतरी आहेत की ज्यांचा नवस पणज्यानं बोललेला असतो. कशासाठी बोलला होता, कुणाला ठाऊक नसतं. पटकी असेल, प्लेग असेल, बुडालेली कपाशी असेल, सावकाराची जप्ती असेल. ज्याच्यासाठी बोलला तो वाचला की नाही, तेही आठवत नाही. तरी चौथी पिढी वर्षाला गाडी करून जाते. यातलं मोठेपण मी नाकारत नाही. न पाहिलेल्या माणसाच्या न कळलेल्या संकटाचं ऋण फेडत राहणं ही साधी गोष्ट नव्हे.

मात्र तिथे एक गडबड होते. संकटाची गोष्ट विसरली आणि नियम तेवढा उरला, की रिकाम्या जागेत भीती येऊन बसते. 'तेव्हा देवीनं तारलं म्हणून जातो' याच्या जागी 'नाही गेलो तर काहीतरी होईल' हे येतं. जाणं तेच, नारळ तोच, पण पहिला माणूस मोकळा असतो आणि दुसरा धाकात. या पुस्तकातल्या चांगल्या लेखांनी नेमकं हेच पाहिलं आहे. लेखक घरातल्या म्हाताऱ्यांना 'काय करता' एवढंच विचारून थांबले नाहीत, 'कधीपासून' आणि 'कशापायी' हेही विचारलं. काही ठिकाणी उत्तर मिळालं, काही ठिकाणी 'चालत आलं आहे' एवढंच. दोन्ही उत्तरं जशीच्या तशी छापली आहेत.

गोष्ट आणि नियम दोन्ही शाबूत असलेला सण म्हणजे आखाजी. अक्षय्य तृतीया महाराष्ट्रभर असते, पण खानदेशात तिला जे स्थान आहे ते इतरत्र क्वचितच असेल. वैशाखातलं ऊन, जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला, विहिरी तळाला गेलेल्या. अशा वेळी मातीची नवी घागर भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचं आणि गेलेल्यांच्या नावानं पाणी द्यायचं. निखाऱ्यावर आगारी, म्हणजे नैवेद्याचा घास, टाकायची. पितरांना सोन्याचं काही नको असतं; त्यांना पाणी हवं असतं. ज्या पिढ्या तहानेनं पोळल्या, त्यांना भर उन्हाळ्यात पाणी पाजण्याचा हा दिवस आहे, आणि त्याच दिवशी सासुरवाशिणी माहेरी येऊन झोके घेतात, आमरस-सांजोऱ्या खातात. दुःख आणि उत्सव यांची फारकत करायची आपली शहरी सवय इथे चालत नाही.

आखाजीचा दुसरा अर्थ मात्र पंचांगात सापडत नाही, तो शेतावर सापडतो. सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं आणि आखाजीलाच सुरू होतं. वर्षाची बोली, रोख किती, धान्य किती, उचल किती, सगळं या दिवसांत ठरतं. सालदार म्हणजे पहाटे गुरांचं शेण काढण्यापासून रात्री वीज आली की पिकाला पाणी भरायला जाण्यापर्यंत सगळं करणारा माणूस. आखाजीला त्याला सुटी असते. तो पत्ते खेळतो, घरी असतो. एका घागरीत पितरांचं देणं फेडायचं आणि त्याच सुमाराला जिवंत माणसाच्या वर्षाची किंमत ठरवायची. ही दोन कामं एकाच सणाला यावीत हा योगायोग असेल, पण मला तो खानदेशी धर्माचा सर्वांत कसोटीचा क्षण वाटतो. पणजोबांनी कुणाच्या तरी शेतात साल घातलं होतं, हे आज बागायतदार झालेल्या अनेक घरांना माहीत असतं. बोलीला बसताना ते आठवतं का? आठवलं तर उचलीवरचा हिशेब जरा सैल होतो का? या पुस्तकातला सालदारीवरचा लेख याचं गोड उत्तर देत नाही. सालदार मिळेनासे झाले, ट्रॅक्टर आले, म्हणून दर वाढले; आठवणीमुळे वाढले असं म्हणायला त्या लेखकाला पुरावा सापडलेला नाही.

बहिणाबाईंविषयी लिहिल्याशिवाय जळगावातला माणूस प्रस्तावना संपवू शकत नाही, आणि इथे तर त्यांचा हक्कच आहे. असोद्याला १८८० मध्ये, नागपंचमीच्या दिवशी जन्म, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरी वाड्यात लग्न, तिशीत वैधव्य, मोठा मुलगा ओंकार प्लेगमुळे कायमचा अधू. प्लेगवर त्यांचं 'पिलोक' हे गाणं आहे, आखाजीवर आहे, आणि पेरलेल्या दाण्याचा कोंब होताना पाहून देवाला गारुडी म्हणणारंही आहे. अक्षर येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी उतरवून घेतलं म्हणून ते राहिलं, आणि त्या गेल्यावर १९५२ मध्ये अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक आलं. देवाशी कसं वागावं याचा मला फार विचार करायला लावणारा नमुना या बाईनं घालून दिला. सोसल्याची जमाखर्चाची वही त्या देवापुढे उघडत नाहीत. आणि आभारही ओवाळत नाहीत. कामाला लागतात, आणि काम करता करता त्यांना देव दिसतो. त्यांच्या आज्ञापालनाचा देवळाशी फार संबंध नाही. शेताशी, घरोटाशी म्हणजे जात्याशी आहे. आता विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्याच विद्यापीठाच्या आवारात कुणी त्यांच्या गाण्यांतल्या कामांची नुसती यादी केली, तर एका शेतकरी बाईचा दिवस किती तासांचा होता हे कळेल.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मास्तरकी केलेले साने गुरुजी याच पंगतीतले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, आणि ती अठरा प्रवचनं गुरुजींनी उतरवून घेतली. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. हे पुस्तक आपण रडण्यासाठी वाचतो, पण ते नीट पाहिलं तर गरिबीच्या आठवणीतून आचरणाचे नियम कसे निघतात याचा तो पाठ आहे. ते नियम घरापुरते राहिले असते तर गुरुजी एक हळवे लेखक ठरले असते. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केलं आणि दार उघडलं. आईच्या पायाशी शिकलेलं दुसऱ्याच्या दारापर्यंत गेलं.

धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्यापाशी लांडोर बंगला आहे. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याला आले तेव्हा तिथे थांबले होते, म्हणून दरवर्षी ३१ जुलैला तिथे माणसं जमतात. या पुस्तकाच्या विषयाशी याचा काय संबंध, असं एका मित्रानं मला विचारलं. तिथे देव कुठे आहे? माझ्या मते संबंध अगदी थेट आहे. पाणवठ्यावरून हाकललेल्यांची, मेलेलं ढोर ओढायला लागलेल्यांची आठवण त्या घरांत जागी आहे. बाबासाहेबांबद्दलची कृतज्ञता आहे. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा पाळायची शिस्त आहे. आठवण, कृतज्ञता, नियम, तिन्ही आहेत. कृपेची भीक तेवढी नाही. देवाशिवायही हे त्रिकूट उभं राहतं, आणि कदाचित जास्त ताठ उभं राहतं.

साक्रीकडे पांझरेवरची फड पद्धतही मी याच नात्यातली मानतो, तिला धर्म म्हणा अगर म्हणू नका. नदीवर लहान बंधारा, त्याखाली जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड, आणि गावातल्या शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसून वेगवेगळ्या फडांत विभागलेली. फडात पीक कोणतं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं, पाणी पाटकऱ्यानं द्यायचं, स्वतः कुणी दार फोडायचं नाही. पाणी कमी पडलं तर एखादा फड कोरडा ठेवायचा. प्रत्येकाची थोडी जमीन कोरडी राहते, कुणा एकाचं सगळं बुडत नाही. शतकानुशतकं चाललेली ही व्यवस्था टंचाई पाहिलेल्या माणसांनीच बसवली असणार. ऐन सुकाळात कुणाला असलं काही सुचत नाही. तसंच १९७२ चं. खडी फोडणाऱ्या बायका, सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, या आठवणी अजून सांगणारे आहेत. पण त्या दुष्काळाची सर्वांत पक्की आठवण कायद्यात आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि त्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर सुरू झाला. जळगावच्या एखाद्या बँकेतल्या कारकुनाच्या पगारातून दरमहा तो कापला जातो. त्याला माहीत नसतं, पण तो बहात्तरच्या दुष्काळाचा नवस फेडत असतो.

आज रावेर-यावलकडे केळीच्या बागा आहेत, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ठिबक आलं, बंगले आले. कूपनलिका दरवर्षी आणखी खोल जातात. या सुबत्तेत दुष्काळाची आठवण वेगळ्याच कामाला लावली जाते. जेवताना पोरानं कळण्याची भाकरी बाजूला सारली की सुरू होतं: आम्ही काय दिवस काढले, तुम्हाला काय कळणार. हे ऐकून कुठलंही पोर कृतज्ञ झालेलं मी पाहिलेलं नाही. आपले हाल दुसऱ्यावर उगारायची काठी झाली की ऐकणारा पहिल्यांदा त्या हालांचाच कंटाळा करतो. त्याच घरातला माणूस शेजाऱ्याच्या विहिरीपाशी आपली कूपनलिका आणखी दोनशे फूट खाली नेतो, तेव्हा त्याला पांझरेवरचा कोरडा ठेवलेला फड आठवत नाही. तहान आठवते, ती वाटून घेण्याची रीत आठवत नाही. शिरपूर तालुक्यात २००४ पासून नाले रुंद-खोल करून पाणी मुरवण्याचं जे काम झालं, ते उलट्या बाजूचं उदाहरण म्हणून एका लेखात आलं आहे. त्यातल्या तांत्रिक वादांत मी शिरत नाही.

पुस्तकात काय कमी आहे तेही सांगायला हवं. मुसलमान विणकरांच्या वस्त्यांतलं, रोजे आणि जकात यांच्यामागच्या आठवणींचं जवळपास काही नाही. मुक्ताईच्या आषाढी पालखीवर एकच टिपण आहे, तेही वाटेच्या सोयींबद्दल जास्त बोलतं. वाळीत टाकलेल्या आईबापांची ही लेक, जिचं नाव मुक्ताईनगरला मिळालं, ती वेगळ्या लेखाची मानकरी होती. बायकांचे लेख आहेत, पण कानबाईवर एकाही बाईचा नाही, आणि मुठीचा प्रश्न त्यामुळे तसाच राहिला आहे.

सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्लांच्या इंदलावरचा लेख मात्र या सगळ्या उणिवा भरून काढतो. चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यातही इंदल होतो. दुखणं गेलं, अरिष्ट टळलं, की बोललेलं फेडायला एखादं घर इंदल मांडतं. कळंबाच्या फांद्या आणून रोवतात, रात्रभर ढोल वाजतो, नाच चालतो, आणि जेवायला भाऊबंद तेवढे नसतात. गाव असतं, शेजारची गावं असतात, वाटेनं आलेला असतो. संकट एका घराचं होतं, पंगत सगळ्यांची होते. ज्यांच्याकडे वर्षाचं धान्य जेमतेम पुरतं, जे दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून जातात, ते लोक देवाचं देणं या रीतीनं फेडतात. संपादकांनी हा लेख शेवटी, पुरवणीसारखा लावला आहे. मी त्यांच्या जागी असतो तर तो पहिला लावला असता. वाचकांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही.